सल्फर डायऑक्साइड ध्रुवीय, कार्बन डायऑक्साइड नाही: रेणूचा आकार कुठे निकाल फिरवतो

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नव्याने लागलेल्या केमिस्टचा आहे. रसाच्या सल्फिटेशनला (रस स्वच्छ करण्याची पायरी) वापरतात तो सल्फर डायऑक्साइड पाण्यात भराभर विरघळतो, कार्बन डायऑक्साइड त्या मानाने फारच कमी. दोन्हींत मधे एक अणू आणि त्याला दोन ऑक्सिजन, दोन्हींतले बंध ध्रुवीय, म्हणजे एका टोकाला थोडा ऋण आणि दुसऱ्याला थोडा धन भार असलेले. मग एक रेणू ध्रुवीय आणि दुसरा अध्रुवीय कसा? आणि समोर कुठलाही रेणू आला तर हे खात्रीने ठरवायचं कसं?

जोडी फार चांगली निवडली आहे, कारण इथे आकार सोडून बाकी सगळं जवळजवळ सारखंच आहे. पाउलिंगच्या मापावर कार्बनची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद) २.५५, गंधकाची २.५८ आणि ऑक्सिजनची ३.४४. म्हणजे कार्बन–ऑक्सिजन बंधात फरक ०.८९ आणि गंधक–ऑक्सिजन बंधात ०.८६. नुसत्या फरकावर गेलं तर कार्बनचा बंधच तसूभर जास्त ध्रुवीय ठरतो. तरीही मोजलेला डायपोल मोमेंट (रेणू एकूण किती ध्रुवीय आहे ते सांगणारा आकडा) कार्बन डायऑक्साइडचा शून्य आहे आणि सल्फर डायऑक्साइडचा १.६३ डिबाय. विद्युतऋणतेतला फरक बंधाबद्दल सांगतो. रेणूबद्दल बोलायचं तर प्रत्येक बंधाची ओढ कोणत्या दिशेला आहे तेही धरावं लागतं, आणि ती दिशा आकार ठरवतो.

आता हे दोन आकार वेगळे का, ते पाहू. कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. दोन ऑक्सिजनशी दोन दुहेरी बंध केले की चारही संपले, मागे काही उरलं नाही. कार्बनभोवती इलेक्ट्रॉनांचे दोनच पुंजके राहिले आणि ते एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब जातात, म्हणजे १८० अंश. गंधकाकडे सहा इलेक्ट्रॉन आहेत. तेवढेच दोन बंध करून त्याच्याकडे एक जोडी शिल्लक राहते, जिला आपण लोन पेअर म्हणतो. ती दिसत नाही, पण जागा अडवते. पुंजके तीन झाले, त्यामुळे कोन १२०च्या आसपास यायला हवा. प्रत्यक्षात मोजलेला कोन साधारण ११९ अंश आहे.

दोन सारखे बंध असतील तर बेरजेचं सूत्र सोपं आहे: एका बंधाचा मोमेंट गुणिले दोन, गुणिले अर्ध्या कोनाची कोसाइन. कार्बन डायऑक्साइडमध्ये अर्धा कोन ९० अंश, कोसाइन शून्य, उत्तर शून्य. बंध कितीही ध्रुवीय असला तरी शून्यच. सल्फर डायऑक्साइडमध्ये अर्धा कोन ६०च्या किंचित खाली, कोसाइन अर्ध्याच्या जरा वर, म्हणजे बेरीज एका बंधाच्या मोमेंटइतकी येते. १.६३ या आकड्यातून उलट काढलं तर बंधामागे साधारण १.६१ डिबाय मिळतो. त्यात लोन पेअरचा वाटाही मिसळलेला आहे, म्हणून तो आकडा निव्वळ बंधाचा समजू नका.

डिबाय हे एकक किती मोठं, याचा अंदाज हवा असेल तर इलेक्ट्रॉनाएवढा धन आणि ऋण भार एक अँगस्ट्रॉम अंतरावर ठेवला की ४.८० डिबाय होतो. पाण्याचा १.८५, अमोनियाचा १.४७, ॲसिटोनचा २.८८. रोजच्या वापरातले बहुतेक द्रावक शून्य ते चारच्या आतच येतात.

हा आकडा मोजतात कसा, हे माहीत असलं की पुढचं बरंच सोपं जातं. दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये तो वायू भरून धारिता (भार साठवण्याची क्षमता) मोजायची, मग तापमान वाढवत पुन्हा पुन्हा मोजायची. ध्रुवीय रेणू विद्युत क्षेत्रात थोडे एका दिशेला वळतात. तापमान वाढलं की त्यांची धडपड वाढते, वळलेपण कमी होतं आणि परिणाम उतरत जातो. अध्रुवीय रेणूत वळायला काही नसतंच, म्हणून घनता तीच ठेवली तर आकडा तापमानाने हलत नाही. त्या उतारावरून मोमेंट काढण्याची रीत पीटर डिबायची. या कामासाठी आणि वायूंमधल्या क्ष-किरण व इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या कामासाठी त्याला १९३६चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आकारावरून ध्रुवीयता सांगता येते तशी ध्रुवीयतेवरून आकारही सांगता येतो. कार्बन डायऑक्साइडचा आकडा शून्य आला, म्हणजे तो सरळ रेषेतच असला पाहिजे. पाण्याचा शून्य नाही, म्हणजे पाण्याचा रेणू वाकलेलाच असला पाहिजे. हा युक्तिवाद करायला रेणू डोळ्यांनी दिसावा लागत नाही.

आता कोणताही रेणू आला तर काय करायचं. मध्यवर्ती अणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन मोजा, बंधांत किती गेले ते वजा करा, उरलेल्यांच्या जोड्या करा. मग पुंजके मोजा: प्रत्येक बंध एक पुंजका, प्रत्येक लोन पेअर एक पुंजका. दुहेरी किंवा तिहेरी बंध इथे एकच धरायचा. चूक बहुधा इथेच होते. दुहेरी बंध दोन मोजला की कार्बन डायऑक्साइडमध्ये चार पुंजके येतात आणि पुढचं सगळं बिघडतं. दोन पुंजके असतील तर सरळ रेष, तीन असतील तर सपाट त्रिकोण, चार असतील तर चतुष्फलक म्हणजे १०९.५ अंश, पाच असतील तर त्रिकोणी द्विपिरॅमिड, सहा असतील तर अष्टफलक. ही पद्धत आजच्या रूपात गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ साली मांडली. पुंजक्यांची मांडणी ठरल्यावर लोन पेअर झाकून फक्त अणू पाहायचे, तो रेणूचा आकार. पण बेरजेच्या वेळी लोन पेअर पुन्हा हिशेबात घ्यायची. ती विसरली की काय होतं, ते नायट्रोजनच्या जोडीत दिसेल.

त्याआधी कागदाबद्दल. चुकांचं सगळ्यात मोठं कारण कागद सपाट असतो हे आहे. डायक्लोरोमिथेन अधिक चिन्हासारखं काढतात: वर-खाली क्लोरीन, डावी-उजवीकडे हायड्रोजन. चित्र पाहून वाटतं की समोरासमोरचे बाण, म्हणजे बंधांच्या ओढीच्या दिशा, एकमेकांना खाऊन टाकतात आणि रेणू अध्रुवीय आहे. प्रत्यक्षात चतुष्फलकात समोरासमोर असं काही नसतंच, कुठलेही दोन बंध १०९.५च्या आसपासच असतात. डायक्लोरोमिथेनचा मोमेंट १.६० डिबाय आहे. विद्यार्थ्यांना शिकवायचं असेल तर रात्रभर भिजवलेले हरभरे आणि टूथपिक पुरतात. हरभरा मध्यवर्ती अणू, टूथपिक बंध, टोकाला दुसरे हरभरे, क्लोरीनसाठी वाटाणे. कार्डबोर्डमधून कोनमापकाने १०९.५ अंशांचा तुकडा कापून घ्या आणि प्रत्येक दोन काड्यांमध्ये लावून पाहा. चौथी काडी घालताना कोन हमखास चुकतो, कारण आधीच्या तीन एका सपाटीत गेलेल्या असतात. त्या थोड्या खाली वाकवायच्या. मॉडेल दोन दिवस वाळलं की हरभरा आक्रसून काडी घट्ट धरतो आणि ते महिनोन्महिने टिकतं. मग त्याच्यात अदलाबदल करून बघा: डायक्लोरोमिथेनचे दोन क्लोरीन कसेही लावले तरी तोच रेणू मिळतो. सपाट चित्रात मात्र दोन वेगळे रेणू असल्यासारखं दिसतं.

कार्बन टेट्राक्लोराइडचा मोमेंट शून्य का, हेही याच मॉडेलवर दाखवता येतं. एक क्लोरीन सरळ वर धरा. उरलेले तीन खाली पसरलेले आहेत. १०९.५ अंशांची कोसाइन उणे एक-तृतीयांश आहे. प्रत्येक खालचा बंध खालच्या दिशेला एक-तृतीयांश ओढतो, तिघांची मिळून ओढ बरोबर एक, वरच्या एकट्याइतकीच. आडव्या दिशेच्या ओढी १२० अंशांवर असल्यामुळे आपापसात मिटतात. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये हेच सपाटीत घडतं. तिथे विद्युतऋणतेतला फरक १.९४, म्हणजे इथे आलेल्या बंधांपैकी सगळ्यात मोठा, आणि तरी रेणूचा मोमेंट शून्य.

आता नायट्रोजनची जोडी. नायट्रोजन–हायड्रोजन बंधात फरक ०.८४, नायट्रोजन–फ्लोरीन बंधात ०.९४. दोन्ही रेणू तिपाईसारखे, माथ्यावर लोन पेअर. अमोनियाचा मोमेंट १.४७ आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा फक्त ०.२३. आकार जवळजवळ तोच, बंधही तितकेच ध्रुवीय, मग इतका फरक का? अमोनियात नायट्रोजन हायड्रोजनकडून ओढतो, म्हणजे बंधांचे बाण वर, आणि लोन पेअरही वर. दोघांची बेरीज होते. ट्रायफ्लोराइडमध्ये फ्लोरीन नायट्रोजनकडून ओढतो, बंधांचे बाण खाली, लोन पेअर वर. वजाबाकी होते आणि जेमतेम काहीतरी उरतं. नायट्रोजन ट्रायफ्लोराइड उणे १२९ अंशांना उकळतं आणि अमोनिया उणे ३३ला, यात हायड्रोजन बंधाचाही मोठा वाटा आहे, पण ट्रायफ्लोराइडच्या रेणूंना एकमेकांना धरायला फार कमी आहे हे त्यातून दिसतंच.

फ्लोरीन चार असले म्हणजे रेणू एकसारखा, असंही नाही. कार्बन टेट्राफ्लोराइड चतुष्फलक, शून्य. झेनॉन टेट्राफ्लोराइडमध्ये झेनॉनवर दोन लोन पेअर उरतात, त्या वर-खाली समोरासमोर बसतात आणि चार फ्लोरीन चौकोनात सपाट राहतात, म्हणून तेही शून्य. सल्फर टेट्राफ्लोराइडमध्ये लोन पेअर एकच. ती द्विपिरॅमिडच्या कमरेच्या त्रिकोणात बसते, कारण तिथे तिला जास्त मोकळीक मिळते. मग रेणू एका बाजूला झुकतो आणि मोमेंट ०.६३ डिबाय येतो. लोन पेअर आहे म्हणजे रेणू ध्रुवीय, हा क्लासमध्ये ऐकू येणारा नियम झेनॉन टेट्राफ्लोराइडपाशी मोडतो. तो शिकवू नये.

पाच पुंजक्यांच्या रेणूंत आणखी एक बारीक गोष्ट आहे. फॉस्फरसला तीन क्लोरीन आणि दोन फ्लोरीन असतील तर फ्लोरीन वर-खाली जातात, क्लोरीन कमरेच्या त्रिकोणात, आणि रेणू अध्रुवीय राहतो. हेच प्रमाण उलट करून तीन फ्लोरीन आणि दोन क्लोरीन घेतले तर त्रिकोणात दोन क्लोरीन आणि एक फ्लोरीन येतो, तोल बिघडतो, रेणू ध्रुवीय होतो. फॉर्म्युला पाहून हे कळत नाही, कोण कुठे बसतो ते काढावंच लागतं.

बाण मोजायचा कंटाळा असेल तर सममितीचा रस्ता आहे, आणि मोठ्या रेणूंना तोच खात्रीचा. रेणू एखाद्या अक्षाभोवती फिरवला आणि तो जसाच्या तसा दिसला, तर त्याचा मोमेंटही जसाच्या तसा राहिला पाहिजे. म्हणजे मोमेंट त्या अक्षावरच असू शकतो. आता वेगळ्या दिशेचा दुसरा असा अक्ष सापडला, तर मोमेंट एकाच वेळी दोन्ही अक्षांवर असायला हवा, आणि ते फक्त शून्याला जमतं. तसंच रेणूत असा मध्यबिंदू असेल की त्याच्या आरपार प्रत्येक अणूचा जोडीदार सापडतो, तर मोमेंट शून्य. बोरॉन ट्रायफ्लोराइड, मिथेन, बेंझिन, झेनॉन टेट्राफ्लोराइड सगळे या कसोटीवर एका मिनिटात निकालात निघतात. हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र फसवतो. कागदावर तो सरळ ओळीत किंवा नागमोडी काढतात, तिथे मध्यबिंदू दिसतो आणि उत्तर शून्य येतं. खरा रेणू अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखा वळलेला आहे: दोन ऑक्सिजन कण्यावर आणि दोन हायड्रोजन दोन पानांवर, पानांमधला कोन वायू अवस्थेत सुमारे १११ अंश. अक्ष एकच उरतो आणि मोमेंट शून्य येत नाही.

बाणांची साधी बेरीज कुठे कमी पडते, हेही सांगितलं पाहिजे, कारण पुस्तकातले बाण आणि मोजलेले आकडे जुळले नाहीत की नवा माणूस गोंधळतो. क्लोरोमिथेन १.८९, डायक्लोरोमिथेन १.६०, क्लोरोफॉर्म १.०४, टेट्राक्लोराइड शून्य. आता बाणांनी हिशेब करा. आदर्श चतुष्फलक धरलं तर क्लोरोमिथेन आणि क्लोरोफॉर्म यांचा मोमेंट सारखाच यायला हवा, आणि डायक्लोरोमिथेनचा त्याच्या १.१५ पट, म्हणजे २.१८ डिबाय. वस्तुस्थिती तशी नाही. कारण बंध एकमेकांपासून अलिप्त नसतात. एकाच कार्बनकडून दोन क्लोरीन ओढायला लागले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं, शिवाय एका बंधाचा मोमेंट शेजारच्या क्लोरीनचे इलेक्ट्रॉन उलट दिशेला ढकलतो. क्लोरोफॉर्ममध्ये तिघांची अशी रेटारेटी होते म्हणून आकडा इतका खाली येतो. शून्य की शून्य नाही, हे बाण अचूक सांगतात. किती, हे विचाराल तर त्यांचं उत्तर अंदाजाचं धरा.

डायक्लोरोबेंझिनमध्ये हे आणखी स्वच्छ दिसतं. क्लोरोबेंझिनचा मोमेंट १.६९. पॅरामध्ये दोन क्लोरीन १८० अंशांवर, शून्य, मोजमापातही शून्य. मेटामध्ये १२० अंशांवर, हिशेबाने १.६९, मोजलेला १.७२, म्हणजे जवळजवळ तंतोतंत. ऑर्थोमध्ये ६० अंशांवर, हिशेबाने २.९३, मोजलेला २.५०. शेजारी आल्यावरच तूट पडते. पॅरामध्येच क्लोरीनऐवजी दोन हायड्रॉक्सिल गट लावले, म्हणजे हायड्रोक्विनोन घेतलं, तर मात्र शून्य येत नाही. क्लोरीन हा एकच अणू आहे, त्याचा बाण कड्याच्या रेषेतच राहतो. हायड्रॉक्सिलमध्ये ऑक्सिजनपाशी कोपर आहे. हायड्रोजन कधी या बाजूला, कधी त्या बाजूला वळतो आणि दोन्ही हात एकाच बाजूला आले की काहीतरी उरतं.

दुहेरी बंधामुळे रेणू वळू शकत नाही, तेव्हा आकार दोन वेगवेगळे पदार्थच तयार करतो. १,२-डायक्लोरोएथिनच्या सिस रूपात दोन्ही क्लोरीन एका बाजूला, मोमेंट १.९०, उत्कलनांक सुमारे ६० अंश. ट्रान्स रूपात समोरासमोर, शून्य, उत्कलनांक सुमारे ४८. अणू तेच, वजन तेच, बंध तेच. हाच रेणू एकेरी बंधाचा केला, म्हणजे १,२-डायक्लोरोएथेन, की तो वळू लागतो. समोरासमोरच्या स्थितीत मोमेंट शून्य, वाकलेल्या स्थितीत नाही, आणि मोजलेला आकडा त्यांची सरासरी असतो. वायू तापवला की वाकलेल्या रेणूंचं प्रमाण वाढतं आणि मोमेंटही वाढतो. अशा रेणूसाठी आकडा देताना तापमान लिहिलं नसेल तर तो आकडा अर्धवट आहे.

सगळे अणू एकाच मूलद्रव्याचे असले म्हणजे अध्रुवीय, हेही ओझोनला लागू नाही. तीन ऑक्सिजन, पण रेणू वाकलेला, मधल्या ऑक्सिजनवरचा भार टोकांच्या ऑक्सिजनपेक्षा वेगळा, मोमेंट ०.५३ डिबाय. उलट हायड्रोजन सल्फाइड पाण्यापेक्षा जास्त वाकलेला, कोन सुमारे ९२ अंश, तरी मोमेंट ०.९७ डिबायच. हायड्रोजन आणि गंधकातला फरक ०.३८ इतकाच, त्यामुळे कोन कितीही अनुकूल असला तरी बेरीज करायला फारसं काही नसतं. आकार आणि बंध, दोन्ही लागतात.

आता विरघळण्याचं, कारण मूळ प्रश्न तिथून आला. २० अंशांना आणि एक वातावरण दाबाला १०० ग्रॅम पाण्यात सल्फर डायऑक्साइड सुमारे ११ ग्रॅम जातो, कार्बन डायऑक्साइड ०.१७ ग्रॅम. याचं सगळं श्रेय मोमेंटला देऊ नका. दोन्ही वायू पाण्याशी क्रिया करून आम्ल बनवतात आणि सल्फर डायऑक्साइडचं आम्ल बरंच जोरकस आहे. कारखान्यात रस ७० अंशांच्या पुढे तापलेला असतो. तिथे नुसत्या पाण्यात हा वायू कितीतरी कमी राहील, पण सोबतचा चुना त्याला येताक्षणी कॅल्शियम सल्फाइटमध्ये बांधून टाकतो, म्हणून शोषण चालू राहतं. चुन्याचा पुरवठा तुटला की चिमणीतून वास येऊ लागतो, तो याचमुळे.

शिवाय कार्बन डायऑक्साइड अध्रुवीय आहे म्हणजे त्याच्यावर भारच नाहीत, असं नाही. मधला कार्बन धन आणि दोन्ही टोकं ऋण आहेत, फक्त तोल सारखा आहे. याला चतुर्ध्रुव म्हणतात. पाण्याचे रेणू त्याच्या टोकांना धरू शकतात, म्हणून तो ऑक्सिजन-नायट्रोजनच्या कित्येक पट जास्त विरघळतो. आणि हा रेणू सतत थरथरत असतो. तो वाकला की त्या क्षणापुरता ध्रुवीय होतो, आणि नेमकी हीच हालचाल १५ मायक्रॉनच्या आसपासची उष्णता शोषते. हवामानबदलाच्या चर्चेत याचं नाव येतं ते या वाकण्यामुळे.

मोमेंट आणि विद्राव्यता यांची गल्लत टाळायला दोन द्रावक लक्षात ठेवा. १,४-डायऑक्सेनच्या कड्यात दोन ऑक्सिजन समोरासमोर, मोमेंट अगदी नगण्य, आणि तरी ते पाण्यात कुठल्याही प्रमाणात मिसळतं, कारण प्रत्येक ऑक्सिजन स्वतंत्रपणे पाण्याचा हायड्रोजन धरतो. क्लोरोफॉर्मचा मोमेंट १.०४ आणि लिटरभर पाण्यात ते आठ ग्रॅमच्या आसपासच जातं. पाण्याला रेणूची एकूण बेरीज दिसत नाही, त्याला जवळ आलेला गट दिसतो.

सांगलीच्या हळदीचंही तेच. कर्क्युमिनच्या रेणूत ऑक्सिजन सहा आहेत, त्यावरून ते पाण्यात जाईल असं वाटतं. पण रेणू लांबलचक, दोन्ही टोकांना कार्बनची कडी, आणि मधल्या दोन ऑक्सिजनांमध्ये हायड्रोजन आतल्या आतच अडकलेला. पाण्याला धरायला फार थोडं उरतं, म्हणून ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोल आणि ॲसिटोनमध्ये मात्र चांगलं विरघळतं. अर्धा ग्लास पाण्यात चमचाभर हळद टाकली की शुद्ध हळद तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. भेसळीचा रंग मेटॅनिल यलो हा सोडियमचा क्षार आहे, तो मिसळला असेल तर पाणी लगेच गडद पिवळं होतं. भेसळीतला दुसरा पिवळा रंग लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते या चाचणीतून निसटतं. त्यासाठी प्रयोगशाळेतच पाठवावं लागतं.

शाळांमध्ये ध्रुवीयता दाखवायला घासलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेतात. धार वळते हे खरं, पण ध्रुवीय रेणू वळले म्हणून धार वळली, हे स्पष्टीकरण पुरेसं नाही. धारेतले आयन सरकून तिच्यावर उलट भार येतो आणि वळण्यात त्याचा मोठा वाटा असतो. मुलांना प्रयोग जरूर दाखवा, पण यावरून एखादा द्रव ध्रुवीय ठरवू नका. साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये तो बहुधा फसतो, कारण दमट हवेत कंगव्यावरचा भार टिकत नाही. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत, केस तेलकट नसताना, आणि धार दोन-तीन मिलिमीटर जाडीची ठेवून तो नीट होतो.

तुमच्या कारखान्याला डिस्टिलरी असेल तर आकार आणि ध्रुवीयता एकत्र काम करताना पाहायची उत्तम जागा तिथला मॉलिक्युलर सीव्हचा भाग. इथेनॉल आणि पाणी उकळून वेगळं करत गेलं की वजनाने ९५.६ टक्क्यांना गाडी अडते, त्यापुढे वाफेत आणि द्रवात प्रमाण सारखंच राहतं. पेट्रोलमध्ये मिसळायला ९९.५ टक्क्यांच्या आसपासची शुद्धता लागते. म्हणून वाफ पोटॅशियमयुक्त झिओलाइटच्या गोळ्यांमधून नेतात. त्यांची छिद्रं तीन अँगस्ट्रॉमची. पाण्याचा रेणू साधारण २.८चा, तो आत शिरतो. इथेनॉल ४.४च्या आसपास, ते बाहेरच राहतं. आत शिरलेल्या पाण्याला छिद्राच्या भिंतींवरचे पोटॅशियम आयन त्याच्या ऋण टोकाने, म्हणजे ऑक्सिजनकडून, धरून ठेवतात. पाण्याचा रेणू वाकलेला नसता तर ही पकड इतकी घट्ट झाली नसती. पकड घट्ट असल्यामुळेच गोळ्या पुन्हा कोरड्या करताना दाब खाली आणून थोडी इथेनॉलची वाफ उलट फिरवावी लागते, आणि पकड घेताना बरीच उष्णता बाहेर पडते. म्हणून आत येणारी वाफ अतितप्त असलीच पाहिजे. तिच्यात द्रवाचे थेंब आले तर एकाच ठिकाणी एकदम इतकी उष्णता निघते की गोळ्या तडकून भुकटी होते, पात्रावरचा दाबफरक चढू लागतो आणि बाहेर पडणाऱ्या इथेनॉलमध्ये पाण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं. तसं दिसलं तर आधी सुपरहीटरच्या पुढचं तापमान तपासा, गोळ्या बदलायचा विचार त्यानंतर.